उड्डाण बंद, वर्गणी चालू

अंबरीष खांबेटे त्सुकुबाच्या डोंगराजवळच्या एका पॅराग्लायडिंग क्लबाचा अडीच वर्षं सभासद होता, आणि तेवढ्या काळात तो एकट्याने मोजून सात वेळा उडाला होता. हा आकडा तो आता स्वतःच हसत हसत सांगतो. तेव्हा मात्र विचारलं तर म्हणायचा, "मोजलं नाही रे कधी."

टोकियोतल्या तोयोसु भागातल्या ऑफिसात त्याच्या टेबलावर एक फोटो होता. डोक्यावर हेल्मेट, मागे फुगलेलं पिवळं ग्लायडर, नजर लांब कुठेतरी. फोटोत त्याचे पाय दिसत नव्हते, कारण ते जमिनीवर होते. ऑफिसातल्या जपानी मंडळींना तो फोटो फार आवडायचा. पुण्याहून कोणी नवीन इंजिनिअर आला की त्याला आधी तो फोटो दाखवला जाई, मग कॉफीचं मशीन.

दर शनिवारचा त्याचा कार्यक्रम ठरलेला होता. पहाटे उठायचं, त्सुकुबा एक्सप्रेस पकडायची आणि क्लबाच्या गाडीतून डोंगरावर जायचं. वर गेल्यावर बोट ओलं करून हवेत धरायचं, आकाशाकडे डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "आज वारा जरा बरोबर वाटत नाही." आणि त्याच गाडीने खाली. तेवढ्यात बाकीचे आठ-दहा जण त्याच वाऱ्यात उडून गेलेले असत. गाडी चालवणारे ओगातासान सत्तरीचे होते. ते त्याला कधीच काही विचारत नसत. येताना रेडिओवर बेसबॉलची मॅच लावत आणि आवाज थोडा वाढवत, म्हणजे बोलायची वेळच येऊ नये.

२००९च्या मे महिन्यात जपानात स्वाइन फ्लू आला. स्टेशनावर सगळी तोंडं मास्कमध्ये गेली, दुकानातले मास्क संपले, मुलीच्या, अनयाच्या शाळेतून रोज ताप मोजून पाठवायचा कागद आला. मग एका गुरुवारी क्लबाचा मेल आला: गावकऱ्यांच्या विनंतीवरून पुढील सूचनेपर्यंत उड्डाणं बंद.

अंबरीषने बायकोसमोर कपाळाला हात लावला. "चारुता, संपलं सगळं. आता शनिवारी करायचं काय?"

मग बाथरूममध्ये गेला, दार लावलं आणि मूठ आवळून हवेत उंचावली. लग्न ठरलं त्या दिवसानंतर इतका मोकळा श्वास त्याने घेतला नव्हता.

हे सुख तीन आठवडे टिकलं. मग नयनाताईंचा फोन आला.

नयनाताई इशिकावा मूळच्या दादरच्या. एका जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाशी लग्न करून बावीस वर्षांपूर्वी त्सुकुबाला आल्या आणि तिथे दुपारच्या जेवणाचं छोटं हॉटेल चालवू लागल्या. वय अठ्ठेचाळीस, गुडघा दुखरा. पण एकदा हवेत गेल्या की दोन-दोन तास खाली यायच्या नाहीत. क्लबात त्यांच्याइतकं छान उडणारं दुसरं कोणी नव्हतं.

"अंबरीष, मी क्लब सोडतेय," त्या म्हणाल्या. "तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून फोन केला."

"का हो ताई?"

"हॉटेलात कोणी येत नाही रे. संशोधन संस्थांनी सांगितलंय, बाहेर गर्दीत जेवू नका. परिषदा सगळ्या रद्द. जुलैच्या आत वर्षाची वर्गणी भरायची, छत्तीस हजार येन. या वर्षी नाही जमणार."

"ताई, तुम्ही काही करू नका. मी बघतो."

‘मी बघतो’ असं म्हटलं की अंबरीषला आपण चार बोटं उंच झाल्यासारखं वाटे. फोन ठेवेपर्यंत त्याच्या डोक्यात भाषण तयार झालं होतं. क्लब बंद आहे, मग वर्गणी पूर्ण का? सगळ्यांचीच निम्मी करा! म्हणजे ताईंचं नाव कुठे यायला नको, आणि न्यायासाठी उभा राहिलेला माणूस म्हणून आपलं नाव मात्र यायला हरकत नाही. ज्या बंदीसाठी त्याने मनातल्या मनात पेढे वाटले होते, तिचीच नुकसानभरपाई मागायला तो निघाला होता. हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण लक्षात आलेल्या सगळ्याच गोष्टींकडे लक्ष देत बसलं तर माणसाची कामं कशी व्हायची?

त्याने पत्र स्वतः जपानीत लिहिलं. चारुता जपानी भाषेची वरची परीक्षा पास होती आणि दोन शाळांत शिकवत होती. पण तिला दाखवलं तर ती लाल पेन काढेल, या भीतीने त्याने दाखवलं नाही. रविवारी दुपारी पत्र बेचाळीस सभासदांना मेलने पाठवलं आणि एक प्रत छापून जेवणाच्या टेबलावर ठेवली, सहज कोणाच्या तरी नजरेला पडावी म्हणून.

नजरेला पडली ती नऊ वर्षांच्या अनयाच्या. तिने वाचलं आणि म्हणाली, "पापा, कोरे चिगाऊ."

"काय चुकलंय?"

आता, जपानीत वर्गणीला ‘काइही’ म्हणतात. टाळाटाळ करण्यालाही ‘काइही’च म्हणतात. उच्चार एकच, लिहायची अक्षरं वेगळी. उच्चार टाइप केला की कॉम्प्युटर अक्षरं सुचवतो, आणि सुचवलेली अक्षरं अंबरीष विश्वासाने घेत गेला होता. चारुताने पत्र हातात घेतलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मराठीत वाचून दाखवलं: "या साथीच्या काळात आपल्या क्लबाने टाळाटाळ निम्म्यावर आणावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी स्वतः गेली अडीच वर्षं नियमितपणे टाळाटाळ करत आलो आहे."

"शेवटचं वाक्य मात्र बरोबर आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी क्लबाचे अध्यक्ष कुरोदासान यांचं उत्तर आलं. ते निवृत्त शाळामास्तर होते. "खांबेटेसान, आपल्या पत्राने आम्हा सर्वांना अंतर्मुख केले. वर्गणीच्या विषयावरही आपले काही म्हणणे असल्यास जूनच्या अखेरच्या रविवारी सभा ठेवू." थट्टा होती की सौजन्य, हे अंबरीषला आजतागायत कळलेलं नाही.

सभा उतरायच्या मैदानावरच झाली. डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या मधोमध असलेला गवताचा चौकोन. त्यावर दोन-दोन हात अंतर सोडून घडीच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर मास्क लावलेले सत्तावीस सभासद. नयनाताई मागच्या रांगेत होत्या. अंबरीष पंधरा मिनिटं बोलला. सेवा नाही तर किंमत नाही, विमान रद्द झालं तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, अडचणीच्या काळात संस्थेनेच सभासदांचा विचार करायचा असतो. तोयोसुमध्ये ग्राहकांसमोर बोलायचा तसा बोलला. बोलणं संपल्यावर कोणीच काही म्हणालं नाही. ही शांतता त्याने संमती समजली आणि मास्कच्या आड हसत खाली बसला.

मग कुरोदासान उठले. वर्गणी कुठे जाते ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं: मैदानाचं भाडं, विमा, गाडी. "आणि ओगातासानचा पगार. उड्डाणं बंद असली तरी गवत वाढायचं थांबत नाही. गेले पाच आठवडे ते एकटे हे मैदान कापताहेत. निम्मी वर्गणी झाली तर ऑगस्टनंतर त्यांना थांबवावं लागेल."

अंबरीषने पायाखाली बघितलं. गवत अगदी एकसारखं कापलेलं होतं. पंधरा मिनिटं तो त्याच गवतावर उभा राहून बोलला होता.

पुढच्या रांगेतल्या एका सभासदाने नम्रपणे हात वर केला. "तसा हा पावसाळाच आहे. या दिवसांत आपण दरवर्षी किती उडतो? खांबेटेसानचं नेमकं किती नुकसान झालं, तेवढं कळलं तर विचार करता येईल."

"गाडीची वही आहे ना," कुरोदासान म्हणाले. "ओगातासान?"

अंबरीषने मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला. ओगातासानच्या वहीत प्रत्येक फेरीला वर कोण गेलं आणि खाली कोण आलं, याची नावं असत. उडालेल्या माणसाचं नाव खाली येणाऱ्यांत नसतं. अंबरीषचं जवळजवळ दर शनिवारी दोन्हीकडे होतं.

ओगातासान उठले. चष्मा लावला, चार पानं उलटली, थोडं थांबले आणि वही मिटली.

"खांबेटेसान," ते म्हणाले, "माझ्या गाडीचे सगळ्यात नियमित प्रवासी आहेत."

सभेने आदराने माना डोलावल्या. अंबरीषचे कान भाजल्यासारखे लाल झाले. ज्याच्या पोटावर पाय द्यायला आपण निघालो होतो, त्यानेच आपली अब्रू झाकली.

तेवढ्यात मागून नयनाताईंचा आवाज आला. त्या उभ्या राहिल्या होत्या. "हा विषय माझ्यामुळे निघाला," त्या जपानीत म्हणाल्या. "माझं हॉटेल चालत नाहीये. मला मान खाली घालायला लागू नये म्हणून खांबेटेसाननी सगळ्यांसाठी मागितलं. त्यांचे आभार. पण ओगातासानचा पगार कापून मला उडायचं नाही. या वर्षी मला निम्मीच झेपेल, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही. ज्यांना झेपते त्यांनी पूर्ण भरावी. सगळ्यांची कशाला कमी करायची?"

 मग कडेचा एक हात अर्धवट वर गेला: कारखान्यातलं कंत्राट सुटलेला एक जण. त्याच्यामागून आणखी एक: लग्नाचे फोटो काढणारा, या उन्हाळ्यातली लग्नंच पुढे गेली होती. दोघांनीही क्लब सोडायचं मनात ठरवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तिघांना निम्मी, कारण विचारायचं नाही, बाकीच्यांना पूर्ण, असं दहा मिनिटांत ठरलं. अंबरीषच्या मूळ ठरावावरही रीतसर मत घेतलं गेलं. विरोधात सत्तावीस हात वर गेले. त्यांतला एक त्याचा स्वतःचा होता.

तो सुटल्यासारखा खुर्चीत टेकला आणि कुरोदासान म्हणाले, "शेवटचा मुद्दा. जुलैत उड्डाणं सुरू होतील. पावसाळ्यानंतरचं पहिलं उड्डाण कोणाचं, हा मान दरवर्षी अध्यक्ष ठरवतो. आकाशाची एवढी ओढ लागलेला सभासद मी आजवर पाहिला नाही. खांबेटेसान, आपलं."

टाळ्या वाजल्या. अंबरीष वाकून आभार मानत राहिला. वाकलेलं असलं की चेहरा दिसत नाही.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी चारुता आणि अनया पहिल्यांदाच बघायला आल्या. मायलेकी मैदानावर थांबल्या आणि अंबरीष गाडीत बसला. त्या फेरीला तो आणि ओगातासान दोघंच होते. अर्ध्या चढावर त्याने खिडकीबाहेर बोट काढलं.

"ओगातासान, आज वारा..."

"आज वारा फार छान आहे," ओगातासान म्हणाले.

दोन वळणं गेली. मग अंबरीषच्या तोंडून निघालं, "मला भीती वाटते."

"मलाही. म्हणून तर मी गाडी चालवतो. वीस वर्षं झाली, एकदाही उडालो नाही."

"त्या दिवशी वही वाचली का नाहीत?"

"ती वही पेट्रोलच्या हिशोबाची आहे. माणसांच्या नाही."

वर गेल्यावर त्यांनीच हार्नेसचे पट्टे दोनदा तपासले आणि बाजूला झाले. अंबरीष धावला. चौथ्या पावलाला जमीन नव्हती.

पुढची आठ मिनिटं तो डोळे उघडे ठेवून होता, एवढं खात्रीने सांगता येईल. खाली हिरवी खाचरं, खेळण्यातल्यासारखी घरं, पांढऱ्या जाळ्यांखालच्या नाशपातीच्या बागा. कानात फक्त वारा, आणि रेडिओवर नयनाताई. उतरवायची जबाबदारी त्यांनी मागून घेतली होती आणि घाईत त्या सरळ मराठीत सुरू झाल्या होत्या.

"छान चाललंयस. आता डावा हात खाली. डावा, अंबरीष! जेवायचा नव्हे तो!"

"ताई, मैदान कुठे गेलं?"

"मैदान आहे तिथेच आहे. तूच निघालायस कुठेतरी. डावा! डावा रे बाबा!"

खाली चाळीस सभासद हातातले रेडिओ कानाला लावून हे अगम्य मंत्र श्रद्धेने ऐकत होते. मैदान पन्नास हातांवर असताना अंबरीष भाताच्या खाचरात उतरला. उतरला हा शब्द तो अजून वापरतो. चारुता दुसरा वापरते. गुडघाभर चिखलात दोन पावलं चालला, तिसऱ्याला आडवा झाला आणि पिवळं ग्लायडर संथपणे त्याच्या अंगावर येऊन पसरलं.

कापड बाजूला झालं तेव्हा बांधावर अनया उभी होती. "कोवाकात्ता?" तिने विचारलं. भीती वाटली का?

"खूप," अंबरीष म्हणाला. "खूपच वाटली गं. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाटणार आहे."

ती एकदम मराठीत म्हणाली, "मग मी पण येणार."

एवढ्यात खाचराची मालकीण आली. ऐंशीच्या घरातली आजीबाई, पाठीतून वाकलेली, हातात सुतळीचं बंडल. अंबरीष चिखलातच कमरेत वाकला, पुन्हा पुन्हा माफी मागू लागला. आजीबाई त्या भागातल्या ठसक्यात, भराभर, हातवारे करत बोलत होत्या. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो प्रत्येक वाक्याला "हाय, हाय", म्हणजे ‘हो, हो’ करत होता आणि मागे सरत होता. बूट काढून नयनाताईही पायजमा वर करून चिखलात उतरल्या. आडवी झालेली रोपं उभी करून चार-चारच्या जुड्या बांधायच्या होत्या. दुपारभराचं काम होतं.

"ताई, किती रागावल्यात हो त्या?" त्याने हळूच विचारलं. "शिव्या देतायत का?"

"शिव्या कसल्या? त्या म्हणतायत, दुसऱ्या ओळीपासून बांधायला घे. पहिली तू आत्ता मागे सरताना पुन्हा तुडवलीस."