उतारावरची न्हाणी

चांगो प्लंबरने नळाखाली अंगठा धरला, पाणी अंगठ्याच्या कडेने निमूट ओघळून गेलं, आणि त्याने निदान केलं.

"काका, प्रेशर नाय."

"तालुक्याचा डॉक्टर म्हनतो लय हाय," नामा म्हणाला. "गोळी चालू केलीय."

"तुमचं नाय. पान्याचं."

भिंतीवर गॅसचा नवा गिझर होता. नळ सोडला की टकटक करी, पेटत मात्र नसे. पाणी जोरात आलं तरच पेटायचं, असा त्याचा बाणा. टाकी न्हाणीच्या पत्र्यावर, नळापासून जेमतेम पुरुषभर उंच. तेवढ्या पाण्याला तो पाणीच मानत नव्हता.

गिझर कल्याणहून सुरजने, नामाच्या मुलाने, पाठवला होता. तांब्याचा जुना बंब बुडाशी गळू लागला होता आणि सुनेला, कुणालीला, त्याच्या धुराने शिंका येत. "बाबा, गिझर बसला की दिवाळीला दोन दिवस राहायला येतो," असं सुरज फोनवर म्हणाला होता. राहायला. बायको, गंगी, वारल्यापासून हा शब्द नामाने कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याने तो शेजारच्या चिमाबाईला, दुकानदाराला आणि एकदा किन्हवलीच्या यष्टीतल्या कंडक्टरलाही सांगितला. कंडक्टर म्हणाला, सुट्टे द्या.

बंबाचं तंत्र असं, की वरून गार पाणी ओतावं तेव्हा तोटीतून गरम यावं. बंब बाहेर, तोटी आत. नामा आतून म्हणे, "घाल गो," की गंगी बाहेरून हंडा रिकामा करू लागे. "बस गो" म्हटलं की थांबे. उभ्या संसारात तिने नवऱ्याचं ऐकलं ते एवढंच. ती गेल्यावर नामा ओल्या पंच्यात बाहेर येऊन स्वतःच पाणी ओती आणि पळत आत जाई. त्या वेळेला तोंड फिरवून बसायची चिमाबाईला सवय झाली होती.

"टाकी वर न्या," चांगो म्हणाला. "चांगली दहा फूट."

"कशावर? कुडाचं घर हाय. टाकी चढवली त टाकी पन खाली नि घर पन खाली."

"मग तुमीच खाली जा."

चांगो गमतीने बोलला. नामाने मनावर घेतलं.

घर टेकाडावर होतं. परसामागे उतार, उताराच्या तळाशी केळी. तिथे त्याने नवी न्हाणी बांधली, टाकीपासून पाइप खाली नेला, गिझर तिथल्या भिंतीवर हलवला, कुणालीची चप्पल घसरू नये म्हणून पायऱ्या खोदल्या, कडेला बांबू बांधला. चांगोने नळ सोडून अंगठा धरला तर पाणी त्याच्या तोंडावर उडालं. गिझर भप्पकन पेटला.

"आलं प्रेशर," तोंड पुसत चांगो म्हणाला. "पन न्हायला जायला आता यष्टी लागंल."

सुरज दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी येणार होता. मग फोन आला, सकाळी येतो. पहिल्या आंघोळीच्या पहाटे नामाने पायरी-पायरीवर पणती लावली, वाटीत उटणं कालवलं आणि न न्हाता वाट पाहत बसला. ते आले तेव्हा पणत्या कधीच विझल्या होत्या. कुणालीच्या केसांना शाम्पूचा वास येत होता.

"आंघोळ तिकडंच उरकली, बाबा," सुरज म्हणाला. "सोसायटीत फराळ होता. आता चारला निघू, नायतर ट्रॅफिक."

कुणालीने वरूनच न्हाणीचा फोटो काढला. "मस्तय, बाबा."

"खाली ये ना गो. बघ तरी."

"साडी आहे ना बाबा."

नामा मुलाकडे वळला. "तू हात तरी धू. गरम येतं."

सुरज खाली उतरला, हात धुतले. "भारी प्रेशर आहे," तो म्हणाला.

"हाय ना?" नामा म्हणाला. पुसायला त्याने आपला पंचा पुढे केला.

ते गेल्यावर तो वाटी घेऊन खाली गेला. वाळलेल्या उटण्यात पाणी घालून हात पोचेल तिथवर लावलं. पाठ राहिली. मग नळ सोडला. गिझर पेटला, बादली भरत आली.

"बस गो," नामा म्हणाला.

पाणी येतच राहिलं. बादली ओसंडली, त्याच्या पावलांवरून पाणी केळीकडे निघालं. तो ते थोडा वेळ बघत बसला. मग हात लांब करून नळ बंद केला.