तिसऱ्यांदा वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी पितळेची शिट्टी आहे, आता जुनी झालेली. रेवदंड्याच्या अंबाजी तिकीटवाल्याच्या खाकी डगल्याच्या खिशात माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर हिरवट डाग पडले आहेत. अंबाजीची बायको केसर मला चिंचेने घासून सहज लखलखीत करील. पण अंबाजी घासू देत नाही, आणि मलाही घासून घ्यावंसं वाटत नाही. जुन्या वस्तू बहुधा आपलं कौतुक सांगतात. मला माझी चूक सांगायची आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन मला घडवलं आणि माझ्या पोटात बुचाचा एक मणी सोडला. फुंकर आत आली की तो मणी गरगर फिरतो आणि माझा आवाज थरथरत दूरवर जातो. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी अंबाजीला तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या धक्क्यावर, नोकरी लागली आणि मी त्याच्या हातात आले.

रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडे साळावला जायचं तर मचवा नावाच्या मोठ्या होडीतून. अंबाजी धक्क्यावर तिकिटं फाडायचा आणि मचवा भरला की मला फुंकायचा. एक लांब शिट्टी म्हणजे दोर सोडा. मचवा हाकणारा तांडेल असो, टोपलीवाली कोळीण असो, नाहीतर टोपी घातलेला कारकून असो, माझा आवाज आला की सगळे हलायचे. मला त्याचा फार गर्व होता.

त्याच वर्षी चौलचा अनंता पलटणीतून सुटून गावी आला. लढाईच्या काळात तो पलटणीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत असे. येताना त्याने मुंबईहून एक जुना ट्रंपेट आणला आणि गावातले पाच-सहा जण हाताशी धरून बँड काढला. लोक त्याला अनंता मास्तर म्हणू लागले. बँड तसे आणखीही होते. पण अनंता मास्तरांसारखं कोणी वाजवत नव्हतं. ते एका जागी उभे राहतच नसत. कमरेतून मागे वाकायचे, इतके की लाल फेटा जमिनीला टेकायचा, आणि तरी स्वर तुटायचा नाही. गुडघ्यांवर बसून तसेच पुढे सरकायचे. वरातीत नवरदेवाकडे कोणाचं लक्ष नसायचं. नवरदेवसुद्धा मास्तरांकडेच बघायचा!

अंबाजीने त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते नागावच्या एका लग्नात. तो जेवायला बसायचं विसरला. पंगती उठल्या तरी हा मांडवाच्या खांबाला टेकून उभाच. परतताना तो केसरला म्हणाला, "हा माणूस वाजवत न्हाय गं. ह्याच्या आत कायतरी हाय, ते बाहेर येतंय."

"तुमच्या आत भूक हाय," केसर म्हणाली, "ती बाहेर यायच्या आधी घरी चला."

त्या दिवसापासून अंबाजीने मास्तरांचं एकही वादन चुकवलं नाही. बोलावणं असो वा नसो, सायकल काढायची आणि मोठ्या ढोलाच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. कुठल्या चालीत मास्तर कुठे श्वास घेतात, कुठे मुद्दाम एक स्वर लांबवतात, हे त्याला तोंडपाठ होतं. मास्तरांनी स्वतः बांधलेली एक धून होती, भरतीची धून. पाणी हळूहळू चढत जावं तसे तिचे स्वर चढत आणि शेवटी इतके वर जात की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. अंबाजी ती ऐकताना डोळे मिटायचा.

चौलच्या एका मिरवणुकीत ती धून संपली आणि पुन्हा ऐकावी असं अंबाजीला वाटलं. त्या गलक्यात त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार? त्याने खिशातून मला काढलं. दोन आखूड, एक लांब. मास्तरांनी वळून पाहिलं, हसले, आणि धून पहिल्यापासून पुन्हा वाजवली. तेव्हापासून ती खूणच ठरली. मी वाजले की मास्तर पुन्हा वाजवत. लोक म्हणत, "अंबाजीची शिट्टी आली, आता मास्तर खुलणार." मला वाटू लागलं की त्या दुसऱ्या वेळच्या वादनात माझाही वाटा आहे. मित्रांनो, माझी चूक तिथूनच सुरू झाली असावी.

एकदा तर धक्क्यावर मचवा गच्च भरला होता आणि बाजारपेठेतून मास्तरांच्या बँडचा आवाज आला. अंबाजी मला हातात धरून तसाच उभा.

"अरे, सोडतोस का न्हाय?" रंगू कोळीण ओरडली.

"मास्तरांचं संपू दे, रंगूबाय."

"माझी मासली सडली तर तुझा मास्तर खाईल काय?"

सगळा मचवा हसला. अंबाजीही हसला, पण दोर सोडला तो धून संपल्यावरच. रंगूने पुढे महिनाभर त्याला मास्तर म्हणूनच हाक मारली, आणि त्याला ती आवडायची.

अशी दहा वर्षं गेली. मग मास्तरांना बारीक ताप येऊ लागला. खोकला थांबेना. एके दिवशी रुमालावर रक्त दिसलं. त्यांना क्षयाच्या इस्पितळात ठेवलं. दीड वर्ष इंजेक्शनं, गोळ्या, अंडी, विश्रांती. अंबाजी दोनदा भेटून आला. परत आला की तो तिकिटं फाडताना चुकायचा.

मास्तर बरे होऊन घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की छातीतली जखम भरली आहे, पण ती नाजूक आहे. फुंकायचं वाद्य तोंडाला लावू नका. मास्तरांनी मान डोलावली. काही महिने ते नुसते ओटीवर बसून राहिले. पण मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची जत्रा आली, बँडमधली माणसं घरी आली, आणि मास्तर बायकोला म्हणाले, "कोकिळे, एकदाच. एकच चाल. नायतर मी बसल्या जागी मरेन."

कोकिळा दोन दिवस नाही म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एकच. आणि उभ्यानं. वाकायचं न्हाय."

जत्रेच्या आदल्या दिवशी ती चौलहून चालत धक्क्यावर आली. अंबाजी तिकिटं मोजत होता.

"भावोजी, तुमच्याकडं एक मागायला आले."

"मागा की वैनी."

"उद्या शिट्टी वाजवू नका. दुसऱ्या कोणी कितीपण आग्रह करू दे, ते एका चालीवर थांबतील. तुमची शिट्टी ऐकली की ते थांबत न्हाईत."

अंबाजीने लगेच गळ्याला हात लावला. "आईशपथ वैनी. न्हाय वाजवणार."

त्या क्षणी तो खरंच बोलत होता. मी त्याच्या मुठीत होते, त्याचा हात मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने मला घरी ठेवायला हवं होतं. केसरने विचारलंसुद्धा, "ती कशाला नेता?" तो म्हणाला, "खिशात राहू दे. वाजवतोय कुठं?" मी खिशात राहिले, आणि मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला.

दुपार होती. दत्ताच्या टेकडीच्या पायथ्याशी माणसांची दाटी झाली होती. मास्तर लाल डगला घालून आले. तो त्यांना आता ढगळ होत होता. कोकिळा थोड्या अंतरावर पदर घट्ट धरून उभी होती. मास्तरांनी ट्रंपेट ओठांना लावला आणि भरतीची धून वाजवली. उभ्याने, हळू, काही स्वर गाळून. धून संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोकिळेने सुटकेचा श्वास सोडला. सगळं ठीक झालं होतं. तिथेच थांबायचं होतं.

अंबाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन वर्षं त्याने ही धून ऐकली नव्हती. त्याचा हात खिशात गेला. त्याने मला धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग मी त्याच्या ओठांत होते. दोन आखूड, एक लांब.

लोक म्हणतील, शिट्टीला काय कळतं, जो फुंकतो त्याचा दोष. पण माझ्या पोटातला मणी कितीतरी वेळा दमट हवेने अडकला होता. धक्क्यावर मी दहादा घोगरी वाजले होते. त्या दिवशी मात्र मी पूर्वी कधी नव्हते इतकी स्वच्छ वाजले. मला वाजायचं होतं.

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. मग कोकिळेकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको, नको. ते हसले आणि पुन्हा वाजवू लागले. या वेळी एकही स्वर गाळला नाही. धून संपली तशी जत्रा दणाणली, आणि त्या गलक्यात अंबाजीने मला पुन्हा फुंकलं. मास्तरांनी फेटा सारखा केला, कमरेतून मागे वाकले आणि पुन्हा सुरुवात केली. आता आम्ही शुद्धीवरच नव्हतो. ती धून संपते न संपते तोच मी तिसऱ्यांदा वाजले.

मास्तरांनी श्वास भरून घेतला. ट्रंपेटमधून दोनच स्वर निघाले. तिसऱ्या स्वराच्या जागी खोकला आला आणि खोकल्याबरोबर रक्त. डगला लाल होता, म्हणून पहिल्यांदा कोणाला दिसलंच नाही. कोकिळेला दिसलं. ती धावली. जाताना तिने अंबाजीकडे एकदाच पाहिलं.

मास्तरांना गाडीत घालून अलिबागला नेलं. ते वाचले. पण एक फुफ्फुस निकामी झालं, आणि त्यानंतर चार पावलं चाललं तरी त्यांना बसावं लागायचं. ट्रंपेट बँडमधल्या दुसऱ्या माणसाकडे गेला.

अंबाजीने मला पुन्हा तोंडाला लावलं नाही. मचवा सुटताना तो हात वर करून ओरडतो. तरीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा शिट्टी बिघडली असं त्याने सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

पण एक चूक आम्ही आणखी केली. अंबाजी मास्तरांना भेटायला गेलाच नाही. महिना गेला, वर्ष गेलं, दुसरं वर्ष अर्धं सरलं. कोकिळा तरीवर आली की तो पाठ फिरवायचा आणि तिकीट दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा. केसर रोज म्हणायची, "जाऊन या." तो म्हणायचा, "जातो." लाज वाटते म्हणून माणूस दूर राहतो, आणि त्यालाच तो प्रायश्चित्त समजतो. तिकडे ओटीवर बसलेल्या माणसाला मात्र एवढंच कळतं, की कोणी आलं नाही.

शेवटी कोकिळेनेच त्याला धक्क्यावर गाठलं.

"भावोजी, घरी का येत न्हाय? ते रोज विचारतात."

अंबाजी खाली बघत म्हणाला, "कुठल्या तोंडानं येऊ, वैनी?"

"तोंडाचं मी सांगत न्हाय. पायानं या."

तो गेला. सुपारीच्या सावलीत मास्तर आरामखुर्चीवर बसले होते. ओळखू येणार नाहीत इतके वाळले होते. अंबाजी त्यांच्या पायांशी बसला आणि त्याला हुंदका आवरेना.

"रडू नको," मास्तर थांबत थांबत म्हणाले. "मला वाजवायचं होतं. तुझी शिट्टी नसती, तरी कदाचित... वाजवलं असतं."

"शपथ मी घेतली होती, मास्तर. तुम्ही न्हाय."

कोकिळा दारातून म्हणाली, "मी माफ केलेलं न्हाय, भावोजी. करीन का, ते पण मला ठावं न्हाय. पण ह्यांना बोलायला माणूस लागतं, आणि ह्यांचं वाजवणं तुमच्याइतकं कोणाला ठावं न्हाय." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी अंबाजी चौलला जातो. मास्तरांना फुंकता येत नाही, गुणगुणताही येत नाही. म्हणून अंबाजी गुणगुणतो. त्याचा गळा बेसूर आहे, पण त्याला सगळं आठवतं. कुठे श्वास, कुठे लांबवलेला स्वर, कुठल्या लग्नात कुठली चूक झाली, तेसुद्धा. मास्तर डोळे मिटून ऐकतात आणि उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर दाबत राहतात, ट्रंपेटच्या खिट्ट्या दाबाव्या तशी. अंबाजी चुकला तर बोट हवेत उचलून थांबवतात. कोकिळा कधी दारात येऊन उभी राहते, कधी राहत नाही.

मित्रांनो, तुम्हाला कोणाचं गाणं आवडेल, कोणाचा खेळ आवडेल, कोणाची गोष्ट आवडेल. आवडू द्या, मन भरून आवडू द्या. टाळ्या वाजवा, शिट्ट्याही वाजवा. पण आपल्यासाठी जो एवढा श्वास खर्च करतो, त्याच्याकडे तेवढा उरला आहे का, हे आधी बघत जा. आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. उघडून बघितलं असतं, तर त्या ढगळ डगल्यातच आम्हाला सगळं दिसलं असतं. आणि चूक झालीच, तर दीड वर्ष दूर राहू नका.

मागच्या रविवारी अंबाजीने भरतीची धून पूर्ण गुणगुणली. तो रंगात आला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरांची बोटं गुडघ्यावर थांबली. "आज एवढंच," ते म्हणाले, "दमलो रे." अंबाजीने तोंड मिटलं. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून त्याने मास्तरांच्या हातात दिलं, आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत तो शेजारी गप्प बसून राहिला.