मी न तोडलेलं लाकूड

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. रोह्याच्या कोर्टामागे मुद्देमालाची खोली आहे, तिथे एका खिळ्याला लटकलो आहे. माझ्या मुठीला सुतळीने चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर केसचा नंबर आहे. मला तो वाचता येत नाही. माझ्या मालकाला, जनूलाही कुठे येतो?

खांब गावच्या गुणाजी लोहाराने मला जीपच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यापासून घडवलं. निडीजवळच्या कातकरीवाडीतल्या जनूने मला घेतलं आणि मी त्याच्या कमरेच्या लाकडी आकडीत राहू लागलो. आम्ही चुलीसाठी फाटी तोडली, कंद उकरले, खेकड्यांची बिळं मोकळी केली. जनू एकवेळ जेवण विसरेल, पण कोयता नाही, असं वाडी म्हणायची. ते ऐकून मला भारी वाटे.

मग झोपडीची एक बाजू खचली. तिला टेकू द्यायला जनूने जंगलातून चार सोट तोडले आणि वाटेतच जंगलखात्याच्या गार्डने त्याला धरून चौकीवर नेलं. चौकीच्या अंगणात खैराचे जाडजूड ओंडके पडले होते. कुणाचे, देव जाणे.

"हे सगळं तूच तोडलंस ना?" गार्डने विचारलं.

"व्हय साहेब," जनू म्हणाला.

साहेबाला नाही म्हणायला वाडीत कुणी शिकलेलंच नाही. गुन्हा कबूल आहे का, असं कोर्टाने विचारलं तेव्हाही तो तेच म्हणाला. मी टेबलावर पडल्या पडल्या तळमळत होतो. माझा घाव तिरका आणि तुटक असतो, ते ओंडके तर सपाट कापलेले. पण मुद्देमालाला कोण विचारतो?

आता तुरुंगच, असं मला वाटलं. पण शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी परिवीक्षा अधिकारी नम्रता मॅडमकडून अहवाल मागवला. माणसाला तुरुंगाऐवजी घरी ठेवता येईल का, हे पाहणं त्यांचं काम. त्या वाडीवर जाऊन आल्या आणि जनूच्या बायकोला, हौसाला, सोबत कोर्टात घेऊन आल्या. हौसाने मला पाहिलं, मग माझ्या शेजारी पुरावा म्हणून आणून ठेवलेल्या ओंडक्याचं टोक चाचपलं.

"मॅडम, ही करवतीची खूण हाय. आमच्याकडं करवत नाय."

"जनूभाऊ, मग तुम्ही व्हय का म्हणालात?"

"साहेब इचारत व्हते. नाय कसं म्हनू?"

मॅडमनी सगळं अहवालात लिहिलं. जनूला तुरुंग झाला नाही, वर्षभर नीट वागण्याच्या हमीवर तो सुटला. कागदावरची कबुली मात्र तशीच राहिली आणि मी सरकारजमा झालो. जनू दारात घुटमळला.

"साहेब, माझा कोयता?"

"तो आता मिळायचा नाही. समजलं ना?" कारकून म्हणाला.

"व्हय साहेब," म्हणत जनू रिकामी आकडी घेऊन निघून गेला.

मित्रांनो, मी इथे गंजतो आहे, त्याचं आता फारसं वाटत नाही. पण तुमच्यापुढे कुणी मान खाली घालून हो म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका. पुन्हा एकदा विचारा आणि नाही म्हणायला त्याला थोडा वेळ द्या.