मीच आलो

बाबा गाड्यांचे पोचे काढायचे. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने ठोकायचं. पत्रा मुकाट्याने जागेवर येतो. माझा धाकटा भाऊ टिल्लू पंधराव्या वर्षी शाळा बुडवून पांघरुणात पडून राहायला लागला, तेव्हा त्यांनी तोच उपाय धरला. एका सकाळी सुधारकेंद्राची दोन माणसं आली आणि त्याला अंथरुणातून उचलून घेऊन गेली. गाडीचं दार बाबांनीच लावलं.

वर्षभराने तो परतला. तिथे उठायला, बसायला, दारातून जायलाही परवानगी लागायची. घरातही तो ती मागू लागला.

"पोरगं बघा कसं सुतासारखं सरळ आलं!" बाबा गॅरेजभर सांगत सुटले. आम्हा सगळ्यांनाच तो बरा झालेला वाटला.

मोठेपणी त्याने स्वतः शोधून एका समुपदेशक बाईंकडे जायला सुरुवात केली. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नकोसं वाटलं तर मधेच उठून गेलात तरी चालेल." तो खरंच उठून गेला. पुढच्या आठवड्यात परत गेला. "ताई, त्या रागावल्याच नाहीत गं," फोनवर तो कितीदा तरी म्हणाला.

बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं. तो खोलीच्या दारात थांबला.

"बस रे," बाबा म्हणाले.

तो तत्क्षणी बसला. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर खाली. आयुष्यभर पत्रा पारखलेले बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "टिल्लू, तुला बसायचंय का इथे?"

"खरं सांगू?"

"सांग की."

"नाही."

"मग जा, बाळा. मी रागावणार नाही."

तो गेला.

"अहो बाबा, थांबवायचं ना त्याला!" मी चिडले.

"माझ्या सांगण्यावरून तो थांबलाच असता," बाबा म्हणाले.

त्यानंतर दार वाजलं की ते विचारायचे, "टिल्लू आला का?"

"फोन करू का त्याला?"

"खबरदार! यायचं तर त्याचा तो येईल."

एका दुपारी ते गेले. कुणाला कळवायचं सुचेना. फोन हातात घेऊन मी नुसतीच बसले होते. बेल वाजली. दारात टिल्लू, हातात संत्र्यांची पिशवी.

"आज तू बोलावलं नव्हतंस ना?"

"नाही."

"मीच आलो."

"टिल्लू, बाबा गेले रे. आत्ताच."

तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला.

"मीच आलो," तो पुन्हा म्हणाला. या वेळी मोठ्याने, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं.