टँकरच्या रांगेतली घागर

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घागर आहे, आणि एका जागी उभं राहणं मला कधीच मानवलं नाही. तुम्ही म्हणाल, घागरीला कुठे पाय असतात? पाय नसतील, पण बायकांच्या डोक्यावर आणि कमरेवर बसून मी जेवढी हिंडले, तेवढे तुमच्यातले पुष्कळजण पायांनीही हिंडले नसतील. भरायचं, हिंदकळायचं, रिकामं व्हायचं आणि पुन्हा निघायचं, हाच माझा स्वभाव. म्हणून ज्या वर्षी मला नुसतं उभं करून ठेवलं, त्या वर्षाची गोष्ट माझ्या जिवाला अजून लागून आहे.

माझा जन्म उदगीरच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. हातोडीचे घाव सोसल्याशिवाय आमच्या अंगाला गोलाई येत नाही. ती आली, आणि पार्वतम्मा नावाच्या नव्या नवरीबरोबर मी आंदण म्हणून जळकोटच्या अलीकडच्या एका खेड्यात उतरले. माझ्या गळ्यावर तिचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. ती चिंच आणि राख लावून मला अशी घासायची की शेजारणी माझ्यात बघून कुंकू सारखं करायच्या. त्या घरात पहिलं पाणी लिंगपूजेला, मग चुलीला आणि मग माणसांना, असा नियम होता. पार्वतम्मा गेली आणि तिची सून गुरम्मा माझी मालकीण झाली, पण नियम तोच राहिला. घरात मला मान होता, आणि खरं सांगायचं तर तो मला थोडा चढलाही होता.

पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला. गावात पेढे वाटले. आता कचेरी जवळ आली, म्हणजे सगळंच जवळ येईल, असं चावडीवर म्हातारे सांगू लागले. कचेरी जवळ आली खरी, पाणी मात्र लांब गेलं. पावसानं पाठ फिरवली, आड आटला, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून विहिरीची दरडही ढासळली. मग गावात टँकर येऊ लागला. तो सकाळी येई, दुपारी येई, कधी उन्हं कलल्यावर येई. कधी येणार हे चालवणाऱ्या चंद्रप्पालाही ठाऊक नसे.

चावडीपुढे आमची रांग लागायची. ज्याची घागर पुढे त्याला पाणी आधी, आणि दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, असा गावाचा रिवाज होता. पण तहानलेल्या गावात रिवाजालाही राखण लागते. म्हणून जवळजवळ प्रत्येक भांड्याशेजारी एक पोरगी बसलेली असायची. माझ्या शेजारी शिवकांता बसायची. ती गुरम्माची मुलगी, सहावीतली. हाकेच्या अंतरावर शाळा होती. तिथून पाढ्यांचा आवाज आला की शिवकांता ओठ हलवायची आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची. मला तर वाटायचं, कुणीतरी मला उचलावं आणि पळत सुटावं. आम्ही दोघी अशा तळमळत बसायचो. माझं ठीक आहे हो, मी धातूची. पण तिची शाळा बुडत होती, आणि वर्षभर अशी बुडाली असती तर ती कायमची सुटली असती. तिच्याआधी गावात दोघी-तिघींची तशी सुटलीही होती.

शाळेत रामकिशन गुरुजी होते, मुदखेडकडचे, नुकतेच बदलून आलेले. ते पोरांवर कितीही चिडले तरी त्यांना पालथा घडा म्हणत नसत, म्हणून ते मला पहिल्यापासून आवडायचे. आमच्या जातीची ही बदनामी किती शिक्षकांनी केली आहे, काय सांगू! गुरुजींना फळ्यावर व्याख्या लिहून देऊन मोकळं होणं पसंत नव्हतं. नाम शिकवायचं झालं की ते पोरांना वर्गभर पळवायचे. कशालाही हात लाव आणि त्याचं नाव सांग, मग ते सामान्यनाम की विशेषनाम, कोणत्या रिंगणात बसतं ते दाखव, असा त्यांचा खेळ असे. पण वर्गात पोरी उरल्याच नव्हत्या. एक दिवस त्यांनी खडूची डबी उचलली, पोरांना बरोबर घेतलं आणि सगळी शाळा चावडीपुढे आणली. पोरी शाळेत येत नाहीत तर शाळा पोरींकडे जाईल, असं ते म्हणाले.

मित्रांनो, तो तास मी विसरणार नाही. चावडीच्या फरशीवर खडूनं मोठी रिंगणं काढली. घागर, कळशी, बादली, डबा ही सामान्यनामं, त्यांची वेगवेगळी रिंगणं. ज्यांच्या गळ्यावर नाव कोरलेलं, त्यांचं नाव मोठ्यानं वाचायचं, ते विशेषनाम. पोरं आम्हाला उचलून पळू लागली. शिवकांतानं मला छातीशी धरलं आणि "पार्वतम्मा!" असं ओरडत ती रिंगणात शिरली. किती दिवसांनी मी हलले होते! मग गुरुजींनी विचारलं, इथं असं काय आहे, की ज्याला नाव आहे पण हात लावता येत नाही? कुणी तहान म्हणालं, कुणी ऊन म्हणालं, त्यावर वाद झाला. शिवकांता हळूच म्हणाली, "वाट बघनं." गुरुजींनी ते फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आणि तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

चूक काय झाली ते मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. रिंगणं झकास भरली होती, पण रांग मोडली होती. कोणाची घागर पुढे होती आणि कोणाची मागे, हे आता कोण सांगणार? बाया धावत आल्या आणि भांडी पाहून जागीच थबकल्या. मग जो गलका उठला तो उठला. जिनं जे भांडं ओढलं ते तिनं पुढे लावलं. मी दुसरी होते, ती पार शेवटी फेकले गेले. माझी पाळी आली तेव्हा पाइपमधून नुसती हवा आली. गुरम्मा माझ्यात वाकून बघत राहिली. आत काहीच नव्हतं.

त्या दिवशी घरात पूजेला पाणी नव्हतं. गुरम्माचे म्हातारे सासरे धोंडप्पा अज्जा लिंगपूजेशिवाय घास घेत नसत. ते सोवळ्यानं भिंतीला टेकून उपाशीच बसून राहिले. अखेर शेजारच्या सिंधूनं आपल्यातलं तांब्याभर पाणी दिलं, तेव्हा कुठे त्यांची पूजा झाली. शिवकांता माझ्याजवळ बसून रडत होती. मला इतकी लाज वाटली, की कुणी मला तिथेच मोडीत घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. गुरम्मानं एवढंच सांगितलं, की झाली तेवढी शाळा पुरे, आता पोरगी रांगेतून उठणार नाही.

संध्याकाळी गुरुजी दाराशी आले. त्यांना आत यायचंही धाडस होईना.

"चुकी माझी हाय, गुरम्माबाई," ते म्हणाले. "उद्यापासून तुमच्या घागरीपाशी मी बसतो. पोरीला तेवढं शाळेत धाडा."

गुरम्मा म्हणाली, "तुमी लाइनीत बसल्यावर शिकविल कोन? आन् माझी एकटीची घागर राखचाल. बाकीच्या पोरींचं काय?"

गुरुजी मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुरम्मानं मला कमरेवर घेतलं. चावडी आली, पण ती थांबली नाही. सरळ शाळेत गेली आणि सहावीच्या खिडकीखाली मला ठेवून म्हणाली, आजपासून रांग इथून. मागून येणाऱ्या बाया घोटाळल्या, कुजबुजल्या. सिंधूनं आपली कळशी माझ्यामागे ठेवली. मग एकेक करून भिंतीच्या कडेनं सगळी रांग लागली. खिडकीतून वर्गाला आम्ही सगळ्याजणी दिसत होतो. राखणीला आता कुणी बाहेर बसायची गरज नव्हती. पोरी वर्गात जाऊन बसल्या.

टँकर आला तो नेहमीप्रमाणे चावडीपुढेच थांबला. चंद्रप्पानं भोंगा वाजवला. बाया शाळेपाशी जमल्या, पण चावडीकडे कुणी हललं नाही. त्यानं निरोप पाठवला, की कागदावर चावडी लिहिलंय, मी तिकडं येणार नाही, दुसरं गाव खोळंबलंय. पुन्हा भोंगा वाजला. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि माझं पितळ आतून थरथरलं. तो निघून गेला तर सगळं गाव कोरडं, आणि दोष गुरम्माच्या माथी! गुरुजींचाही धीर सुटला. ते खिडकीशी येऊन म्हणाले, राहू द्या बाई, घागरी तिकडं न्या, मी पोरींना सोडतो. शिवकांता तर उठून दारापर्यंत आलीच होती. तिचे हात माझ्याकडे पसरलेले मला दिसले.

गुरम्मा माझ्या शेजारी जमिनीवर बसलेली होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

"तू कशाला उठलीस?" ती म्हणाली. "बस खाली."

शिवकांता जागेवर जाऊन बसली. गुरुजी फळ्याकडे वळले. त्यांनी कालचा धडा पुढे सुरू केला. इंजिनाचा आवाज लांब जातोय की जवळ येतोय, हे मला कितीतरी वेळ कळेना. मग शाळेच्या फाटकाशी धूळ उडाली. चंद्रप्पा शिव्या घालत खाली उतरला आणि त्यानं पाइप ओढून माझ्या तोंडात घातला.

मित्रांनो, तेव्हापासून माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही, पाणी जपा हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. पण कुठे रिकाम्या घागरींची रांग दिसली, तर घागरी मोजू नका. त्यांच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. आणि शाळेच्या वेळेला तिथे एखादी पोरगी बसलेली असेल, तर तिला उठवून रांग तुम्ही धरा.