मुंग्यांच्या भरवशावर

शेवंतीने पहिली मूठ कापली, तेव्हा सर्वण गावच्या सगळ्या शेतांत दुसरा विळा नव्हता. कणसे अजून निम्मी हिरवी होती. पण सकाळीच तिने न्हाणीच्या भिंतीवर मुंग्या पाहिल्या होत्या, अंडी तोंडात धरून वर चढणाऱ्या. पावसाने उभे भात झोपवले, की मग बसा चिखलातून दाणे वेचत!

थोरला दीर कृष्णनाथ बांधावर येऊन उभा राहिला.

"रेडियोवर सांगल्यानी पाऊस ना म्हणान. पिसा लागला काय तुका?"

"मुयो चडल्यात, भावजी."

"त्यो गजाली सगुणाक शोभत होत्यो."

सगुण तिचा नवरा. दोन वर्षांमागे गेला. तो होता तोवर पाऊस विचारायला सगळी वाडी त्याच्या ओसरीवर यायची. मुंग्या बघायची शेवंती आणि मान मिळायचा सगुणला. तिने विळा थांबवला नाही.

आठवडाभर पाऊस आला नाही. एक थेंब म्हणाल तर शपथ! वाडीला हसू आवरेना, शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग एका संध्याकाळी कृष्णनाथ चार माणसे घेऊन तिच्या अंगणात आला.

"फुडल्या वर्सापासून तुझा शेत मी बघतलंय. कधी पेरूचा, कधी कापूचा, ता मी ठरयतलंय."

 शेवंती पायरी उतरून त्याच्यासमोर गेली आणि तिने सगुण बसायचा त्या ओसरीकडे बोट दाखवले.

"ते किती खेपे चुकले, याद आसा?"

कृष्णनाथ वळून बरोबरच्या माणसांकडे बघू लागला.

"ते चुकले तर तुम्ही म्हणायचास, पावसान फसयल्यान. आणि मी चुकलंय तर शेत काढून घेतास? माजा शेत मीच बघतलंय. चुकान का जायना."

माणसे आली तशी गेली. उरले ते अर्धे कच्चे भात. शेवंतीने ते भिजवले, भाजले आणि बाहू भरून येईपर्यंत कांडून त्याचे पोहे केले.

दिवाळीच्या सकाळी रिवाजाप्रमाणे वाडीतले पुरुष घरोघर पोहे खात तिच्याकडे आले. दिवाळीला कुणाचे घर टाळता येत नाही, म्हणून कृष्णनाथही आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. गूळखोबऱ्यातले ते मऊसूत पोहे त्याने मुकाट्याने संपवले. मग, वर न बघताच, केळीचे पान जरासे पुढे सरकवले.

"चुकलेल्या भाताचे आसत हां, भावजी," शेवंती म्हणाली आणि पान भरभरून वाढले.