लखलखीत हंड्याची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा हंडा आहे. हंड्याच्या चकाकीचं कौतुक मात्र करू नका, मला धडकी भरते. का, ते सांगतो.

पत्र्याची चकती साच्यावर दाबून कारखान्यात मला आकार दिला. दुकानात तीन महिने धूळ खाल्ली. मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि मला घरी आणलं. काम एकच, उकळलेलं पाणी सांभाळायचं. त्यांची धाकटी लेक नुकतीच काविळीतून उठली होती.

बाई भारी काटेकोर. पाणी खळखळून उकळायच्या, झाकून निववायच्या, मग माझ्यात ओतायच्या. वर घट्ट झाकण, शेजारी लांब दांड्याचा डाव. कुणी पेला बुडवायला गेलं, की शिलाई मशीनवरूनच आवाज यायचा, "हात घालशील तर याद राख!" रोज सकाळी मला घासून, उकळत्या पाण्याने विसळून त्या आतून-बाहेरून पुसायच्या. आलेगेले म्हणायचे, "हंडा असावा तर असा!" मीही फुशारून जायचो.

पण पुसायचं फडकं कुठलं? ओट्याचंच! त्यानेच सांडलेलं दूध टिपायचं, भाजीची माती पुसायची आणि ते ओलंच खिळ्याला अडकवायचं. तो कुबट वास रोज माझ्या पोटात जायचा. सांगणार कसा?

महिन्याभरात लेकीला दोनदा जुलाब झाले. पोर चिपाडासारखी झाली. तिने पेला तोंडाला लावला, की मला ओरडावंसं वाटायचं.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई तिला बघायला आल्या.

"ताई, कच्च्या पाण्याचा थेंब देत नाही हो मी हिला! मग चुकतंय कुठे?" बाईंना रडू फुटलं. बोलता बोलता त्या सवयीने मला पुसू लागल्या. नर्सबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा. हे फडकं हुंगून बघा जरा."

बाईंनी हुंगलं आणि झटकन नाक बाजूला केलं. "म्हणजे मीच..."

"अहो, मायेनेच केलंत. पण या ओल्या फडक्यातले जंतू हंड्यातून पाण्यात जातात. आता हंडा विसळून उपडा घाला, आपला आपण वाळेल."

तेव्हापासून मी रोज स्वच्छ जाळीवर उपडा वाळतो. अंगावर पाण्याचे पांढरे डाग पडलेत, कौतुक बंद झालंय. लेक शाळेत जाऊ लागली आहे. तरी माझी धास्ती जात नाही, कारण तो खिळा समोरच आहे आणि सवय मोठी चिवट.

कालचीच गोष्ट. शिवणाची घाई होती. बाईंनी मला विसळलं आणि त्यांचा हात खिळ्याकडे गेला. मी गारठलो. वेणी घालता घालता लेक ओरडली, "आई, फडकं!"

हात तिथेच थांबला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या हंड्यालाही बोलता येत नाही. त्याच्या वतीने तुम्ही ओरडाल ना?